स्लॉट दिसत होता, मग मिळत का नव्हता?

२०२१ च्या मे महिन्यात पुण्यातील तिशीतल्या कोणालाही कोविडच्या लसीबद्दल विचारले असते, तर त्याने लसीच्या परिणामांविषयी कमी आणि स्लॉटविषयी अधिक सांगितले असते. को-विन या केंद्र सरकारच्या लसनोंदणीच्या संकेतस्थळावर आपला पिन कोड टाकला की एखाद्या केंद्रापुढे हिरव्या रंगात शिल्लक जागांचा आकडा दिसायचा, त्यावर बोट ठेवून पुढचे पान उघडेपर्यंत तो आकडा नाहीसा व्हायचा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच व्हायचे. याच काळात शहराच्या पूर्वेला, हडपसर-मांजरी भागात, जगातील सर्वांत मोठ्या लस उत्पादकांपैकी एक असलेली सीरम इन्स्टिट्यूट दर महिन्याला कोट्यवधी मात्रा तयार करत होती. ज्या शहरातून लस देशभर जाते त्याच शहरात ती मिळत नाही, याचा उलगडा लोक आपापल्या परीने करत होते. कोणी म्हणे सॉफ्टवेअर भिकार आहे, कोणी म्हणे वशिल्याची माणसे आधी घुसतात आणि कोणी म्हणे सगळी लस परदेशी गेली.

या तिन्ही म्हणण्यांत थोडे थोडे तथ्य होते, परंतु त्यांतले एकही मूळ कारण नव्हते. मूळ कारण दोन गोष्टींत होते: पात्र माणसे आणि हातातील मात्रा यांचे प्रमाण, आणि जो आधी पोहोचेल त्याला आधी, हा वाटपाचा नियम. यापैकी पहिल्या गोष्टीची चर्चा खूप झाली आणि दुसरीची फारशी झालीच नाही. पुढे कधी प्रौढांसाठी एखादी नवी लस अशीच टंचाईत आली, तर नोंदणी पुन्हा मोबाइलवरूनच होईल हे उघड आहे. म्हणून हा हिशेब नीट समजून घेणे उपयोगाचे आहे.

नोंदणी आणि स्लॉट या दोन वेगळ्या गोष्टी

को-विनवरील नोंदणी म्हणजे केवळ ओळख. मोबाइल क्रमांक, त्यावर आलेला ओटीपी, एखादे ओळखपत्र आणि जन्मवर्ष एवढे दिले की काम झाले. एका क्रमांकावर चार जणांची नावे चालत. स्लॉट म्हणजे ठराविक केंद्रावरची, ठराविक दिवसाची आणि वेळेची एक जागा. नोंदणीला मर्यादा नव्हती, कारण नाव लिहून घ्यायला लस लागत नाही. स्लॉटला मात्र मर्यादा होती, कारण प्रत्येक स्लॉटमागे एक खरीखुरी मात्रा असावी लागते.

हा फरक सरकारने लोकांना आधी स्पष्ट करून सांगितला नाही, असे माझे मत आहे. २८ एप्रिल २०२१ रोजी दुपारी चार वाजता अठरा वर्षांवरील सर्वांसाठी नोंदणी खुली झाली आणि पहिल्याच दिवशी सव्वा कोटीहून अधिक लोकांनी नावे नोंदवली. त्या दुपारी अनेकांचे ओटीपी आले नाहीत, पाने उघडली नाहीत. तरीही संध्याकाळपर्यंत लाखो लोकांना आपला नंबर लागला असे वाटू लागले. प्रत्यक्षात त्या नोंदणीने कोणाचाही नंबर लागलेला नव्हता. पहिल्या मिनिटाला नाव घालणारा आणि आठवड्याने नाव घालणारा हे दोघे स्लॉट शोधताना अगदी एकाच पायरीवर उभे होते. लोकांचा संताप मुख्यतः इथून सुरू झाला, कारण आपल्याकडे रेशनपासून गॅसपर्यंत नाव नोंदवणे म्हणजे क्रमांक लागणे, हीच समजूत रूढ आहे.

पात्र लोक वाढले आणि मात्रा घटल्या

लसीकरण १६ जानेवारी २०२१ रोजी आरोग्य कर्मचाऱ्यांपासून सुरू झाले. १ मार्चपासून साठ वर्षांवरील आणि सहव्याधी असलेले पंचेचाळीस वर्षांवरील लोक, १ एप्रिलपासून पंचेचाळीस वर्षांवरील सर्व आणि १ मेपासून अठरा वर्षांवरील सर्व, अशा क्रमाने दार रुंद होत गेले. शेवटच्या पायरीवर एकदम सुमारे ५९ कोटी लोक पात्र झाले.

त्याच वेळी मात्रांचे काय झाले? एप्रिल महिन्यात देशात सुमारे ९ कोटी मात्रा दिल्या गेल्या होत्या आणि मे महिन्यात त्या सुमारे ६ कोटींवर आल्या. म्हणजे मागणाऱ्यांची संख्या काही पटींनी वाढवली त्याच महिन्यात देण्याची क्षमता एक तृतीयांशाने घटली. केंद्र सरकारने मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार सीरमच्या कोव्हिशील्डचे उत्पादन महिन्याला साडेसहा कोटी आणि भारत बायोटेकच्या कोव्हॅक्सिनचे दोन कोटी मात्रा होते. देशातील प्रौढ साधारण ९४ कोटी आणि प्रत्येकाला दोन मात्रा, म्हणजे १८८ कोटी. साडेआठ कोटींनी भागले, तर जवळजवळ बावीस महिने. हा भागाकार पाचवीतल्या मुलालाही येतो. तरीही ‘१ मेपासून सर्वांना लस’ ही घोषणा तो भागाकार लोकांसमोर न ठेवता केली गेली. उत्पादन पुढे वाढत जाणार होते हे खरे, परंतु मे महिन्याच्या स्लॉटला सप्टेंबरमधील कुपी उपयोगाची नव्हती.

लस मांजरीत बनते, मग पुण्याला आधी का नाही?

हा प्रश्न त्या वेळी जवळपास प्रत्येक घरात विचारला गेला आणि त्याचे उत्तर भावनेला न पटणारे असले तरी सोपे आहे. कारखाना शहरात असल्याने त्यातील मालावर शहराचा हक्क निर्माण होत नाही. लस सरकार विकत घेते आणि मग वाटते. १ मेपासून २० जूनपर्यंतच्या धोरणात उत्पादनाचा निम्मा भाग केंद्र सरकारला, आणि उरलेला निम्मा राज्ये व खासगी रुग्णालये यांना, अशी विभागणी होती. त्यात राज्यांना एकमेकांशी आणि खासगी रुग्णालयांशी एकाच कारखान्याच्या दारात स्पर्धा करावी लागत होती, आणि किमतीही तीन प्रकारच्या होत्या. कोव्हिशील्डची मात्रा केंद्राला दीडशे रुपयांना, राज्याला आधी चारशे आणि मग तीनशे रुपयांना, खासगी रुग्णालयाला सहाशे रुपयांना पडत होती. अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाला मोफत लस देण्याची घोषणा महाराष्ट्राने केली होती, परंतु मोफत द्यायला आधी ती मिळावी लागते. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने या वयोगटासाठीचे धोरण सकृतदर्शनी मनमानी आणि तर्कविसंगत असल्याचे म्हटले. ७ जूनला पंतप्रधानांनी जाहीर केले की पंचाहत्तर टक्के लस केंद्रच घेईल आणि राज्यांना मोफत देईल, आणि २१ जूनपासून तसे झाले.

निर्यातीचा आक्षेप थोडा तपासून पाहू. एप्रिलच्या मध्यापर्यंत भारतातून सुमारे ६.६ कोटी मात्रा बाहेर गेल्या होत्या. त्या सगळ्या देशातच राहिल्या असत्या, तर ३.३ कोटी लोकांचे दोन्ही डोस झाले असते, म्हणजे प्रौढांपैकी साडेतीन टक्के. दुसऱ्या लाटेत तेवढ्या ज्येष्ठांना आधी संरक्षण मिळाले असते, हे मूल्य कमी लेखू नये. परंतु मे महिन्यातील स्लॉटची मारामारी त्यामुळे टळली नसती. मागणीच्या वेळापत्रकाची आखणी पुरवठ्याच्या आखणीशी न जुळवणे ही चूक निर्यातीपेक्षा मोठी होती. मे, जून आणि जुलै या तीन महिन्यांसाठी सीरमकडून ११ कोटी मात्रा घेण्याची संपूर्ण आगाऊ रक्कम केंद्राने २८ एप्रिल रोजी दिली, म्हणजे नोंदणी खुली झाली त्याच दिवशी. त्या दिवसाला दोन्ही घटना एकत्र घडाव्यात, यातच पुष्कळ काही आले.

स्लॉट तयार कसा होतो?

मांजरीहून निघालेली लस थेट कोथरूडच्या किंवा येरवड्याच्या केंद्रावर येत नाही. ती आधी राज्याच्या लस भांडारात (जे पुण्यातच आहे), तेथून जिल्ह्याच्या आणि महापालिकेच्या भांडारात आणि मग केंद्रावर जाते. प्रवासभर तिला दोन ते आठ अंश सेल्सियस तापमानात ठेवावे लागते. या साखळीत एक दिवसाचा जरी खोळंबा झाला, तरी केंद्राला उद्याचे सत्र जाहीर करता येत नाही. सत्र म्हणजे एका केंद्रावरील एका दिवसाचे लसीकरण. उद्या किती मात्रा हाती येणार हे महापालिकेला आदल्या संध्याकाळपर्यंत, कधी रात्रीपर्यंत, कळत नसे. म्हणून स्लॉट आठवडाभर आधी दिसत नसत; आदल्या दिवशी अचानक उघडत आणि अचानक संपत. एप्रिलमध्येच अनेक केंद्रांच्या फाटकांवर ‘लस उपलब्ध नाही’ अशा पाट्या लागल्या होत्या. पाट्यांच्या बाबतीत पुण्याला कोणी शिकवायची गरज नाही, पण या पाट्या लिहिणाऱ्यांनाही त्या उद्या काढायच्या की ठेवायच्या हे ठाऊक नव्हते.

स्लॉटची संख्या ठरण्यात कुपीचाही वाटा असतो. कोव्हिशील्डच्या एका कुपीत दहा मात्रा असत आणि ती एकदा उघडली की काही तासांत संपवावी लागे. उरलेली लस दुसऱ्या दिवशी वापरता येत नसे. म्हणून केंद्राला दहाच्या पटीत माणसे हवी असत. संध्याकाळी शेवटच्या कुपीत तीन मात्रा उरल्या, तर केंद्रातील परिचारिका आसपासच्या कोणाला तरी बोलावून घेई, आणि हे पाहणाऱ्या बाहेरच्या माणसाला तो वशिला वाटे. काही वेळा तो वशिला असेलही. पण पुष्कळदा तो लस वाया जाऊ न देण्याचा एकमेव मार्ग होता. अडचण एवढीच की उरलेल्या मात्रा कोणाला द्यायच्या याची उघड, लिहिलेली यादी बहुतेक ठिकाणी नव्हती, आणि यादी नसली की शंका येणारच.

नळाला लावलेली मोटार

आता दुसऱ्या आणि कमी चर्चिलेल्या कारणाकडे येऊ. समजा, एका केंद्रावर उद्याच्या दोनशे जागा रात्री खुल्या होतात आणि त्या क्षणी वीस हजार लोक पडद्यावर टक लावून बसले आहेत. शंभरातील एकालाच जागा मिळणार, हे गणिताने ठरलेलेच आहे. परंतु तो एक कोण, हे नियम ठरवतो. आणि नियम असा होता की ज्याचे बोट आधी पडेल त्याला.

पुण्यातल्या जुन्या वाड्यांत आणि सोसायट्यांत राहिलेल्यांना याचा अनुभव वेगळ्या रूपात आहे. महापालिकेचे पाणी कमी दाबाने येते तेव्हा गल्लीतील एखादा थेट नळाला मोटार लावतो. मोटार लावल्याने खडकवासला धरणात एक थेंबही वाढत नाही, पण त्याची टाकी भरते आणि गल्लीच्या टोकाच्या घरी नुसती हवा येते. मग टोकाचाही मोटार लावतो, मग सगळेच लावतात, आणि शेवटी ज्याची मोटार मोठी त्याला पाणी, अशी अवस्था येते. २०२१ मध्ये वेगवान इंटरनेट, दोन-तीन मोबाइल घेऊन बसलेले कुटुंब, इंग्रजी पडदा सहज वाचणारा डोळा आणि संगणकाचे ज्ञान या त्या मोटारी होत्या.

त्यांतील सर्वांत मोठी मोटार म्हणजे स्वयंचलित सूचना देणारे प्रोग्राम. को-विनने एपीआय, म्हणजे एका संगणकप्रणालीला दुसरीकडून माहिती मागवता येण्याची सोय, खुली ठेवली होती. तिचा उपयोग करून तरुण तंत्रज्ञांनी दर काही सेकंदांनी शिल्लक जागा तपासणारी आणि टेलिग्रामवर लगेच कळवणारी साधने बनवली. बहुतेकांनी ती चांगल्या हेतूने, विनामूल्य बनवली होती. शिवाय को-विनवरून स्वतःहून कोणतीही सूचना येत नसल्यामुळे त्यांची गरजही होती. परंतु परिणाम मोटारीचाच झाला. खराडीतल्या आयटी कंपनीत काम करणाऱ्या माणसाला सूचना मिळे आणि तो जागा घेई. त्याच्याच इमारतीच्या सुरक्षारक्षकाला अशी सूचना असते हेही माहीत नसे. मे महिन्याच्या सुरुवातीला सरकारने या सोयीतून मिळणारी माहिती अर्ध्या तासापर्यंत जुनी असेल अशी मर्यादा घातली आणि नंतर जागा घेताना वेडीवाकडी अक्षरे ओळखून भरण्याची पायरी, म्हणजे कॅप्चा, जोडली. यंत्रे रोखण्यासाठी आणलेली ही पायरी चष्मा लावून सावकाश टंकलेखन करणाऱ्या माणसालाही तेवढीच रोखत होती, हा त्यातला उपरोध.

हा सारा व्यवहार जूनच्या सुरुवातीपर्यंत मराठीत उपलब्ध नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने मे महिन्याच्या त्याच आदेशात स्मार्टफोन आणि इंटरनेट नसलेल्यांचा, तसेच दृष्टिहीनांना हे संकेतस्थळ वापरता येत नसल्याचा मुद्दा उपस्थित केला होता. सरकारचे म्हणणे होते की ज्यांच्याकडे फोन नाही त्यांनी नातेवाईक, स्वयंसेवी संस्था किंवा गावातील सेवा केंद्र यांची मदत घ्यावी. मदत घेऊन नाव नोंदवता येते हे मान्य. परंतु रात्री अचानक उघडणाऱ्या आणि मिनिटभरात संपणाऱ्या जागेसाठी सेवा केंद्रातला माणूस कोणाच्या वतीने जागत बसणार?

मग ऑनलाइन नोंदणीच नको होती का?

अनेकांचा हा निष्कर्ष होता, आणि तो मला पटत नाही. नोंदणीशिवाय थेट येणाऱ्यांना लस देण्याची पद्धत पंचेचाळीस वर्षांवरील लोकांसाठी होतीच, आणि तिथे ज्येष्ठ नागरिक पहाटेपासून उन्हातान्हात उभे राहत होते. त्यातील काहींना दुपारी लस संपल्याचे कळे. दुसरी लाट भरात असताना अशा गर्दीत उभे राहणे हाच एक धोका होता. शिवाय प्रत्यक्ष रांगेतही मोटारी असतात, फक्त त्यांचे रूप बदलते: स्थानिक नगरसेवकाचे कार्यकर्ते, टोकन वाटणारी माणसे, ओळखीचा शिपाई. को-विनमुळे कोणाला कोणत्या दिवशी कोणती लस दिली याची नोंद राहिली, प्रमाणपत्र मिळाले आणि दुसरा डोस दुसऱ्या शहरात घेणे शक्य झाले. हे लहान काम नव्हते.

प्रमाणपत्रांचेही घोळ झालेच. लस न घेताच घेतल्याचा संदेश काहींना आला. त्यावर उपाय म्हणून ८ मेपासून जागा घेताना चार अंकी सुरक्षा क्रमांक मिळू लागला, जो केंद्रावर सांगितल्याशिवाय नोंद पूर्ण होत नसे. नावातील चुका दुरुस्त करण्याची सोय जूनमध्ये आली. या गोष्टी दुरुस्त होण्यासारख्या होत्या आणि झाल्या.

तंत्रज्ञान हा मूळ दोष नव्हता, याचा सर्वांत चांगला पुरावा त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये मिळतो. १७ सप्टेंबर २०२१ रोजी देशात एका दिवसात अडीच कोटी मात्रा दिल्या गेल्या. संकेतस्थळ तेच होते, ओटीपी तोच होता, परंतु स्लॉटचे नाव कोणी रागाने घेत नव्हते. पाण्याचा दाब पुरेसा असला की मोटारीची आठवणही होत नाही.

शहरातले लोक मुळशीला गेले, यात चूक कोणाची?

को-विनवर पिन कोडऐवजी जिल्हा निवडूनही शोधता येत असे. पुणे जिल्हा निवडला की मुळशी, मावळ, भोर, जुन्नर, आंबेगाव अशा सगळ्या तालुक्यांची केंद्रे दिसत. शहरातील जागा सेकंदांत संपत असल्याने लोक गाडी काढून ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत जाऊ लागले. तिथले गावकरी दारात उभे आणि आत मात्र पुणे-पिंपरीहून आलेले लोक, असे चित्र दिसू लागल्यावर वाद होणे स्वाभाविक होते.

शहरी माणसाला दोष देणे सोपे आहे. त्याने नियम मोडला नव्हता. देशातील कोणालाही कोणत्याही केंद्रावर लस घेण्याची मुभा होती, आणि परगावी अडकलेल्या विद्यार्थ्याला किंवा मजुराला ती मुभा हवीच होती. परंतु त्या गावाच्या वाट्याला आलेल्या मात्रा गावाच्या लोकसंख्येच्या हिशेबाने आल्या होत्या आणि त्यांचे वाटप मात्र सगळ्या जिल्ह्याच्या मोबाइलसाठी खुले होते. वाटप एका हिशेबाने आणि उचल दुसऱ्या हिशेबाने, ही विसंगती धोरणातली होती. केंद्रावरील निम्म्या जागा त्या तालुक्यातील रहिवाशांसाठी राखून ठेवल्या असत्या तरी बराचसा संताप कमी झाला असता. राज्यासाठी वेगळे ॲप असू द्यावे अशी मागणी तत्कालीन मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी पंतप्रधानांकडे केली होती, पण सगळा देश एकाच प्रणालीवर ठेवण्याचा केंद्राचा निर्णय कायम राहिला. पुढे २४ मेपासून अठरा ते चव्वेचाळीस वयोगटालाही सरकारी केंद्रांवर जागेवरच नोंदणी करण्याची परवानगी मिळाली.

दुसऱ्या डोसची तारीख का सरकत राहिली?

पहिला डोस मिळालेल्यांचा ताप वेगळाच होता. कोव्हिशील्डच्या दोन मात्रांमधील अंतर सुरुवातीला चार ते सहा आठवडे होते, मार्चमध्ये ते सहा ते आठ झाले आणि १३ मे रोजी बारा ते सोळा आठवडे झाले. लोकांनी याचा सरळ अर्थ लावला की लस नाही म्हणून अंतर वाढवले. टंचाईच्या ऐन भरात निर्णय आल्यामुळे तसे वाटणे साहजिक होते. तरी त्याला शास्त्रीय आधार होता. याच लसीच्या परदेशातील चाचण्यांत सहा आठवड्यांपेक्षा कमी अंतराने दोन मात्रा घेतलेल्यांत परिणामकारकता सुमारे ५५ टक्के आणि बारा आठवडे किंवा अधिक अंतर असलेल्यांत सुमारे ८१ टक्के आढळली होती आणि हे निष्कर्ष फेब्रुवारीतच प्रसिद्ध झाले होते. फेब्रुवारीत माहीत असलेली गोष्ट मे महिन्यात, तीही टंचाईच्या वेळी सांगितली, म्हणून खरी असूनही ती सबब वाटली. परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्यांची तर पंचाईत झाली. त्यांच्यासाठी जूनमध्ये अठ्ठावीस दिवसांची सवलत द्यावी लागली.

कोव्हॅक्सिनचे अंतर बदलले नाही, त्यामुळे तिच्या दुसऱ्या मात्रेची वाट पाहणाऱ्यांना थांबवून ठेवणे शक्य नव्हते. मे महिन्याच्या मध्यास महाराष्ट्राने अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाचे लसीकरण थांबवून त्यांच्यासाठी विकत घेतलेली कोव्हॅक्सिन पंचेचाळीस वर्षांवरील लोकांच्या दुसऱ्या डोसकडे वळवली, त्याचे कारण हे. तरुणांना हा अन्याय वाटला. परंतु सुरू झालेले लसीकरण पुरे करणे हे नवे सुरू करण्यापेक्षा आधी यायला हवे, आणि त्या निर्णयात मला खोट दिसत नाही.

क्रमाने बोलावणे शक्य होते का?

टंचाईत वाटपाचा दुसराही एक मार्ग असतो. लोकांनी फक्त नाव नोंदवायचे, आणि वय, आजार, राहण्याचा भाग यांच्या आधारे क्रम लावून व्यवस्थेनेच त्यांना बोलावायचे. ब्रिटनमध्ये वयोगट आणि आजार यांनुसार प्राधान्यगट ठरवून असेच बोलावले गेले. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात लोक आधी नोंदणी करत आणि आपली पाळी आली की जागा निवडण्याचे निमंत्रण येई. अशा पद्धतीत पडद्यासमोर जागण्याला किंमत उरत नाही, कारण वेगाने काहीच मिळत नाही.

यावरचा आक्षेप असा की आपल्याकडे हे जमणार नाही. या आक्षेपाला वजन आहे, कारण आपण हे करून पाहिले होते. जानेवारी २०२१ मध्ये आरोग्य कर्मचाऱ्यांना को-विन स्वतःच तारीख देत असे. संदेश वेळेवर गेले नाहीत, याद्यांत घोळ झाले आणि महाराष्ट्राला पहिल्याच दिवसानंतर दोन दिवस लसीकरण थांबवावे लागले. नंतरच्या टप्प्यांत लोकांनी आपली जागा आपण निवडायची, ही पद्धत आली, आणि त्या वेळच्या अडचणी पाहता ते समजण्यासारखे होते. मात्र जानेवारीत फसली होती ती संदेश पोहोचवण्याची यंत्रणा. क्रम लावण्याच्या कल्पनेची खरी परीक्षा तेव्हा झालीच नाही. निमंत्रण आल्यावर दोन दिवसांत होकार द्यायचा, न दिल्यास जागा पुढच्या माणसाला जाईल, एवढी तरतूद केली असती तरी रिकाम्या जागांचा प्रश्न सुटला असता. ज्यांना संदेश वाचता येत नाही, त्यांच्यासाठी आशा कार्यकर्त्या आणि महापालिकेचे क्षेत्रीय दवाखाने होतेच. पोलिओच्या मोहिमेत घरोघरी जाण्याचा अनुभव त्यांच्याकडे आहे.

आणखी एक आक्षेप येईल की अशी यादी सरकारच्या हाती गेली, तर ती फिरवता येईल. येईलच. फरक इतकाच की यादीतला आपला क्रमांक प्रत्येकाला पाहता येत असेल, तर तो मागे सरकल्यास कळते आणि विचारता येते. सेकंदांत संपलेल्या स्लॉटबद्दल कोणाला काय विचारणार?

जे केंद्रावर येऊच शकत नव्हते

अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांचा प्रश्न या सगळ्या गदारोळात मागे राहिला होता. मुंबई उच्च न्यायालयात त्यासंबंधी जनहित याचिका झाली आणि जूनच्या अखेरीस राज्य सरकारने न्यायालयाला सांगितले की अशा रुग्णांना घरी जाऊन लस देण्याची प्रायोगिक सुरुवात पुणे जिल्ह्यापासून करण्याचा विचार आहे. यासाठी स्लॉट उपयोगाचा नव्हताच. दहा मात्रांची कुपी एकदा उघडली की काही तासांत संपवायची, तर जवळजवळ राहणारे दहा रुग्ण एकाच दिवशी हवेत. त्यासाठी आधी कोण कुठे आहे याची यादी हवी आणि मग पथकाने दिवस ठरवायचा. म्हणून रुग्णाच्या घरच्यांनी केवळ नाव, पत्ता आणि प्रकृतीची माहिती कळवायची आणि पथक कधी येईल हे आरोग्य विभागाने सांगायचे, अशीच पद्धत तिथे ठेवावी लागली.